सुराखालचा सूर : वाद्यांशिवाय गाणाऱ्यांची स्पर्धा कशी ऐकावी

१. ढोल वाजतोय कुठे?

‘यांच्या मागे रेकॉर्ड लावलेली असणार.’ अमेरिकेतल्या ‘द सिंग-ऑफ’ या स्पर्धेचा एखादा भाग कुणाला पहिल्यांदा दाखवला, की दोन मिनिटांत हा संशय बोलून दाखवला जातो. रंगमंचावर पाच माणसं उभी असतात. प्रत्येकाच्या हातात माइक, बाकी काही नाही. पेटी नाही, गिटार नाही, ड्रम नाही. तरी ढोलाचा ठोका छातीत बसतो, खाली बेस गिटार घुमते आणि वरून झांज सळसळते. मग प्रेक्षक विचारतो, हे वाजवतंय कोण? उत्तर सोपं आहे. तीच पाच माणसं, तोंडानं. त्यापुढचा प्रश्न मात्र जास्त मोलाचा आहे. सगळेच ग्रुप असं थक्क करत असतील, तर त्यांतला खरा चांगला कोणता आणि नुसता चमकदार कोणता, हे ओळखायचं कसं?

वाद्यांच्या साथीशिवाय केलेल्या समूहगायनाला ‘आ कापेला’ म्हणतात. ‘द सिंग-ऑफ’ ही अशा गायनाची स्पर्धा डिसेंबर २००९मध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. पहिल्या वर्षी प्वेर्तो रिकोचा ‘नोटा’ जिंकला, २०१०मध्ये ‘कमिटेड’, २०११मध्ये ‘पेंटाटॉनिक्स’. त्यानंतर वाहिनीनं कार्यक्रम बंद केला, पण २०१३च्या डिसेंबरात तो परत आणला. त्या वर्षी ‘होम फ्री’ जिंकला आणि २०१४च्या एका रात्रीच्या खास भागात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा ‘मेलोडोअर्स’. २०१३पर्यंत परीक्षकांत पियानोवादक-गायक बेन फोल्ड्स आणि ‘बॉइज टू मेन’ या ग्रुपचा शॉन स्टॉकमन होते. तिसऱ्या खुर्चीवरची व्यक्ती मधूनमधून बदलत गेली.

या प्रकरणात त्यांतल्या काही सादरीकरणांविषयी मी माझी मतं मांडणार आहे. पण कारण न सांगता दिलेलं मत वाचकाच्या काही उपयोगाचं नसतं, म्हणून आधी ऐकायचं काय ते पाहू.

२. मुख्य गायकाला सोडा

आपला कान एका सुरामागे जायला शिकलेला आहे. भजनात पन्नास माणसं असली तरी सगळी एकच चाल म्हणतात. आरतीचंही तेच. ख्यालात तर गवई एकटा असतो आणि पेटी त्याच्या मागून जाते. आपलं सगळं सौंदर्य सूर कसा लागला, कसा वळला, कुठून आला यात आहे. एकाच वेळी चार जणांनी चार वेगळे सूर धरायचे आणि त्यांचं मिळून एक गाणं व्हायचं, ही रीत आपल्याकडे फारशी रुजली नाही. गोव्यात मात्र ती घरोघरी पोचली. तिथल्या चर्चच्या गायनातून आणि मांडो या गीतप्रकाराच्या दुहेरी आवाजातून गोवेकराला ती लहानपणापासून ठाऊक असते. मुंबईत सलील चौधरींनी १९५८ साली बॉम्बे यूथ कॉयर उभं केलं, ते या दिशेनं टाकलेलं मोठं पाऊल होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी १९९६मध्ये ‘पेन मसाला’ हा ग्रुप काढला आणि हिंदी चित्रपटगीतं या पद्धतीनं गायला सुरुवात केली.

त्यामुळे मराठी प्रेक्षक ‘द सिंग-ऑफ’ बघायला बसतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष पुढे उभ्या असलेल्या मुख्य गायकावर असतं. आवाज गोड आहे का, तान घेतली का, वरचा सूर लागला का, एवढं तो पाहतो. माझं ठाम म्हणणं आहे, की या स्पर्धेत मुख्य गायकावरून ग्रुप जोखणारा फसतो. चांगला मुख्य गायक अमेरिकेत पैशाला पासरी मिळतो. ग्रुप उभा राहतो तो त्याच्या खाली आणि मागे असलेल्या माणसांवर, आणि कान तिकडे न्यायची सवय थोड्या दिवसांत लागते.

सर्वांत आधी खर्ज शोधा. तो आवाज बेस गाणाऱ्याचा. बेस गिटारचं काम हा एकटा करतो. गाण्याचा षड्ज कुठे आहे, पुढचा स्वरमेळ कोणता येणार, हे तोच सांगतो. उत्तम बेस गायक सेकंदाला ६५ कंपनांपर्यंत सहज उतरतो. इथे एक गंमत आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ६५ कंपनांचा ध्वनी जवळजवळ निघतच नाही, तरी तो सूर आपल्याला ‘ऐकू’ येतो. कारण मानवी आवाजात मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूरही असतात. मूळ ६५चा असेल तर १३०, १९५, २६०. स्पीकर हे वरचे सूर देतो, त्यांच्यातलं अंतर दर वेळी ६५च भरतं आणि गहाळ झालेला मूळ सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. पण त्या भरून काढलेल्या सुरात वजन नसतं. म्हणून ही गाणी चांगल्या हेडफोनवर ऐका. ‘होम फ्री’चा टिम फाउस्ट मोबाइलवर एक बरा गायक वाटतो. हेडफोनवर त्याच्या खर्जावर अख्खा ग्रुप तोललेला कळतो आणि हा कंट्री संगीत गाणारा ग्रुप २०१३मध्ये का जिंकला तेही कळतं.

मग ताल. बीटबॉक्सिंगची कला १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधून पुढे आली; डग ई. फ्रेश आणि बिझ मार्की ही तिथली मोठी नावं. ओठ घट्ट मिटून दाबानं उघडले, की ‘ब’सारखा जो स्फोट होतो तो मोठा ड्रम. जिभेचं टोक दातांमागे ठेवून काढलेला ‘त्स’ म्हणजे झांज. ‘क’ आणि ‘प्फ’च्या जातीचे कोरडे आवाज म्हणजे स्नेअर ड्रम. तबल्याची पढंत ऐकलेल्या माणसाला यातला हिशोब लगेच समजतो. बीटबॉक्सर किती वेगानं वाजवतो याला मी फार किंमत देत नाही. त्याचा मोठा ड्रम आणि बेस गायकाचा सूर एकाच क्षणी सुटतात का, हे बघा. ते दोघं जुळले की तोंडी तालालाही वजन येतं. नाही जुळले, तर कितीही करामती केल्या तरी गाणं पायात घोटाळतं.

आणि शेवटी मधले आवाज. टीव्हीचा कॅमेरा यांच्यावर क्वचित जातो. ‘ऊ’, ‘आ’, ‘डुम’, ‘जिन’ असे निरर्थक उच्चार करत ही मंडळी मागे उभी असतात. स्वरमेळातले नाजूक सूर यांच्याकडे असतात आणि ग्रुपची खरी पातळी यांच्यावरून कळते.

३. स्वयंभू गंधार

मधल्या आवाजांचं काम समजून घ्यायला आपल्याजवळ एक उत्तम साधन आहे, मिरजेचा तंबोरा. त्याला चार तारा. एक पंचम किंवा मध्यम, दोन जोडाचे षड्ज आणि एक खर्ज. गंधाराची तार नाहीच. तरी तंबोरा नीट जुळला आणि जवारी चांगली असली, की गंधार स्पष्ट ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येतो वर सांगितलेल्या त्याच नियमानं. खर्जाची तार सेकंदाला १०० कंपनं करत असेल, तर तिच्यातून २००, ३००, ४०० आणि ५०० कंपनांचे सूरही निघतात. त्यांतला ५००चा सूर हा वरच्या सप्तकातला गंधार आहे.

आता हेच तीन गायकांवर लावून बघू. एकानं २०० कंपनांचा सा धरला. पुरुषाच्या आवाजात तो आरामात येतो. दुसऱ्यानं २५०चा ग, तिसऱ्यानं ३००चा प. सा म्हणणाऱ्याच्या आवाजात २००, ४००, ६००, ८००, १००० हे सूर आहेत. ग म्हणणाऱ्याच्या आवाजात २५०, ५००, ७५०, १०००. दोघांचा १०००चा सूर एकच झाला. सा आणि प यांचा ६००चा सूर एक झाला. ग आणि प १५००वर भेटले. जे सूर एकमेकांवर अचूक पडतात ते एकमेकांना बळ देतात आणि हवेत कुणीच न गायलेला एक झगझगीत सूर उभा राहतो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो इथे.

पियानोचं काय होतं ते पाहा. कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून पियानोच्या सगळ्या स्वरांत थोडी थोडी तडजोड केलेली असते. सा २००चा असेल तर पियानोचा ग २५० नसतो, जवळपास २५२ असतो. फरक नगण्य वाटेल. पण २५२ची चौपट १००८. सा म्हणणाऱ्याचा १०००चा सूर आणि हा १००८चा सूर एकत्र आले की सेकंदाला आठ वेळा आवाज कमी-जास्त होत थरथरतो. पियानोला यातून सुटका नाही, त्याच्या तारा जुळवून ठेवलेल्या असतात. माणसाचा गळा मात्र गाता गाता दोन कंपनं खाली सरकू शकतो. वाद्य काढून टाकलं म्हणून गायक पांगळे होत नाहीत; उलट वाद्याला न साधणारी शुद्धता त्यांच्या आवाक्यात येते. आ कापेलाबद्दल मला मनापासून प्रेम आहे ते यासाठी.

अर्थात हे मोकळेपण धोक्याचंही आहे. आधाराला पेटी नसल्यानं अख्खा ग्रुप नकळत उतरू शकतो. काळी दोनवर सुरू केलेलं गाणं पांढरी दोनवर संपतं आणि गाणाऱ्यांना पत्ता नसतो, कारण सगळे मिळून एकत्रच उतरलेले असतात. तसंच, सूर बरोबर असूनही स्वरमेळ फाटू शकतो. एकाचा ‘आ’ उघडा आहे आणि शेजारच्याचा ‘ऑ’कडे झुकलेला आहे, तर दोघांच्या आवाजातले वरचे बारीक सूर वेगवेगळ्या जोराचे होतात आणि झगझगीतपणा येत नाही. म्हणून चांगले ग्रुप तासन्‌तास फक्त एक स्वर घोटतात. तोंडं किती उघडायची, जबडा किती सोडायचा, इथपर्यंत ठरवतात. टीव्हीवर हे बघायला सोपं आहे. लांब ओढलेल्या स्वरावर मागच्या चौघांची तोंडं पाहा. एकसारखी उघडलेली दिसली तर समजा, घरी मेहनत झाली आहे.

या कसोटीवर मला ‘द सिंग-ऑफ’मधला सर्वांत पक्का ग्रुप वाटतो तो २०१०चा विजेता ‘कमिटेड’. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या ओकवुड विद्यापीठातले सहा तरुण. हे कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचं विद्यापीठ आहे. पुण्यात औंधला असलेली स्पायसर ही त्याच पंथाची संस्था. आ कापेलातला मानदंड मानला गेलेला ‘टेक सिक्स’ हा ग्रुप १९८० साली याच ओकवुडमध्ये जन्मला होता. म्हणजे ‘कमिटेड’च्या मुलांना घराणंच लाभलं होतं. साध्या सा-ग-पवर ते थांबत नाहीत. त्यावर निषाद, वरचा रिषभ असे जॅझमधले सूर रचत जातात आणि तरी गर्दी होऊ देत नाहीत. त्यांनी ‘मरून फाइव्ह’चं ‘दिस लव्ह’ गायलं तेव्हा मला मूळ गाणं त्यापुढे कोरडं वाटायला लागलं. त्यांचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ तर मी या सगळ्या स्पर्धेतलं सर्वोत्तम सादरीकरण मानतो. त्यात मुख्य गायकावरून कान काढा आणि एक मधला आवाज पकडून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर जा. तो एकटा ऐकला तर चाल विचित्र वाटते. बाकीच्या पाचांबरोबर ऐकला की तोच सूर तिथे का हवा होता ते उमगतं.

त्याच वर्षी दुसरा आलेला नॅशव्हिलचा ‘स्ट्रीट कॉर्नर सिंफनी’ याच्या अगदी उलट वाटेनं गेला. सोपे, मोकळे स्वरमेळ आणि भरपूर संयम. ‘रेडिओहेड’चं ‘क्रीप’ त्यांनी गायलं, त्यात दाखवण्यासारखी करामत जवळजवळ नाही. इतक्या उघड्यावर गाताना सूर दोन कंपनंही हलला तर लगेच दिसतो, आणि त्यांनी तो हलू दिला नाही. विद्येत ‘कमिटेड’ वरचढ, पण गाण्याचा अर्थ पोचवण्यात हे तसूभर मागे नव्हते. दोघांतला निकाल मला मान्य आहे. अंतर मात्र थोडंच होतं.

४. गाणं उसवून पुन्हा विणणं

स्पर्धेतली गाणी आधीच लोकप्रिय असलेली, भरपूर वाद्यं असलेली असतात. ती गळ्यांवर वाटून देणाऱ्याला अरेंजर म्हणतात. हे काम गायनाइतकंच महत्त्वाचं आहे आणि प्रेक्षक त्याचा विचार सर्वांत कमी करतो.

येल विद्यापीठाचा ‘व्हिफेनपूफ्स’ १९०९चा. त्या जुन्या कॉलेजी पद्धतीत पुढचा गायचा आणि मागचे ‘ऊ-आ’ करत सूर भरायचे. पुढे टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘बील्झबब्स’मध्ये गाणाऱ्या डीक शॅरननं आणि त्याच्या पिढीनं वेगळा विचार केला. मूळ गाण्यात गिटार जे करते ते एका गळ्याला द्यायचं, कीबोर्ड करतो ते दुसऱ्याला. शॅरननं १९९१मध्ये आ कापेलासाठी राष्ट्रीय संस्था उभारली. ‘द सिंग-ऑफ’मध्ये ग्रुपांच्या गायनाची बाजू सांभाळायलाही तोच होता आणि २०१२च्या ‘पिच परफेक्ट’ या चित्रपटाच्या संगीतातही त्याचा हात आहे. खुद्द ‘बील्झबब्स’ २००९मध्ये दुसरा आला. त्यांचं ‘कम सेल अवे’ हे या पद्धतीचं चांगलं उदाहरण. मूळ गाणं पियानोच्या शांत सुरांनी सुरू होऊन पुढे दणदणीत रॉक होतं. तो सगळा प्रवास त्यांनी गळ्यांनी केला. मला ते आवडलं, पण पुन्हा ऐकावंसं फारसं वाटलं नाही. पियानोची इतकी हुबेहूब नक्कल ऐकल्यावर मनात येतं, की मग पियानोच का नको? गळ्याला जे एकट्याला जमतं ते त्यात कमी होतं.

या प्रश्नाचं उत्तर ‘पेंटाटॉनिक्स’नं दिलं. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनचे तिघं शाळूसोबती स्कॉट होयिंग, मिच ग्रासी आणि कर्स्टिन माल्डोनाडो. त्यांना बेस गायक अ‍ॅव्ही कॅप्लन आणि बीटबॉक्सर केव्हिन ओलुसोला येऊन मिळाले. येलमध्ये शिकलेला ओलुसोला चेलो वाजवता वाजवताच बीटबॉक्सिंग करायचा आणि त्याचा व्हिडिओ गाजलेला होता. पाचही जण समोरासमोर भेटले ते निवडफेरीच्या आदल्या दिवशी. हे कळल्यावर त्यांची कामगिरी अधिकच अचाट वाटते.

त्यांच्यापुढचं गणित मांडून बघा. तोंडं पाच. एक तालाला गेलं, एक खर्जाला. उरली तीन. त्यांतलं एक मुख्य चाल गाणार. म्हणजे स्वरमेळाला फक्त दोन. खर्जातून सा येईल, पण ग आणि प या दोघांनाच सांभाळायचेत. पंधरा जणांच्या ग्रुपात लांब स्वर ओढताना मंडळी आळीपाळीनं श्वास घेतात आणि कुणाला कळत नाही. इथे एकानं श्वास घेतला की गंधारच नाहीसा. मोठ्या ग्रुपसारखी सलग भरीव साथ या पाचांना शक्यच नव्हती.

मग त्यांनी साथ सलग ठेवलीच नाही. दोन बायका एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात तसे त्यांचे आवाज एकमेकांच्या मोकळ्या जागेत पडतात. एकाचा तुटक सूर संपतो तिथे दुसऱ्याचा सुरू होतो. ऐकणाऱ्याच्या कानात मात्र त्या तुकड्यांची एक अखंड ओळ तयार होते आणि प्रत्येकाला श्वासापुरती फट मिळते. त्यात मुख्य चालही कधी होयिंगकडे, कधी ग्रासीकडे, कधी माल्डोनाडोकडे जाते, आणि ज्याची चाल सुटली तो तत्काळ साथीत शिरतो. केटी पेरीच्या ‘ई.टी.’मध्ये आणि नंतर ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’मध्ये हे ऐका. कुठल्या वाद्याची नक्कल केली असं विचारायला जागाच राहत नाही, कारण मूळ गाणं उसवून त्यांनी आपल्या पाच गळ्यांना बेतून पुन्हा विणलेलं असतं. ‘डॉग डेज आर ओव्हर’मध्ये कॅप्लनचा खर्ज एकटा ऐकत गेलात, तर तो नुसता आधार देत नाही, वरच्यांना पुढे ढकलत राहतो हे जाणवेल.

पुढे त्यांना मिळालेलं यश सर्वांना ठाऊक आहे. ‘डाफ्ट पंक’च्या गाण्यांच्या मेडलीला २०१५मध्ये ग्रॅमी मिळालं ते उत्तम अरेंजमेंटसाठी, म्हणजे विणकामासाठीच. पण २०११मध्ये स्पर्धा चालू असताना त्यांना ‘फारच इलेक्ट्रॉनिक’ म्हणून नाक मुरडणारेही प्रेक्षक होते. मला तो आक्षेप पटत नाही. यंत्रासारखा तुटक आवाज काढणं सोपं आहे. त्या तुटक आवाजांतून शुद्ध गंधार जपणं अवघड.

५. खर्जच नसेल तर?

बायकांच्या ग्रुपांविषयी अन्याय्य बोललं जातं, म्हणून हा छोटा भाग. स्त्रीच्या आवाजाची खालची मर्यादा साधारण १६५ कंपनांच्या आसपास. पुरुष बेस गायक ६५पर्यंत जातो. म्हणजे पुरुषांच्या किंवा मिश्र ग्रुपला स्वरमेळ पसरायला खाली सव्वा सप्तकाहून जास्त जागा मिळते, ती बायकांना नाही. सगळे सूर जवळजवळ बसवावे लागतात. जवळ बसलेल्या सुरांतली किंचितशी चूकही टोचते, आणि ढोलाखालचा जो भरीवपणा टीव्हीच्या प्रेक्षकाला हवा असतो तो मुळातच कमी पडतो. ‘आवाज पातळ वाटतो’ हा शेरा मग गायिकांच्या माथी मारला जातो.

२०११मध्ये ‘डिलायला’ या बायकांच्या ग्रुपनं ब्रूनो मार्सचं ‘ग्रेनेड’ गाऊन या अडचणीला सरळ तोंड दिलं. खर्ज नाही तर नाही. त्यांनी जवळ बसलेल्या सुरांची धारच वापरली आणि गाण्यातला संताप त्या धारेतून काढला. त्या रात्री त्या कुणाहीपेक्षा कमी नव्हत्या. पुढच्या भागांत त्यांनी सुरक्षित वाट धरली आणि अंतिम फेरीच्या बऱ्याच आधी त्या बाहेर पडल्या. पुढच्या काही गाण्यांतही ‘ग्रेनेड’ची ती जोखीम त्यांनी घेतली असती, तर निकाल वेगळा लागला असता असं मला वाटतं.

६. टीव्ही कुणाला झुकतं माप देतो

स्पर्धेत प्रत्येक गाण्याला जेमतेम दीड-दोन मिनिटं मिळत. गाणं कापावं लागे. सावकाश फुलणाऱ्या रचनेला त्यात जागा नसते. पहिल्या दहा सेकंदांत काहीतरी घडावं लागतं आणि शेवटी टाळ्या ओढणारा उंच सूर लागतो. भरीला कॅमेरा मुख्य गायकाचा चेहरा दाखवतो, आणि जिकडे डोळे तिकडे कान. आपल्यापर्यंत येणारा आवाज तर ध्वनिमिश्रण होऊन आलेला असतो. माइक किती वर ठेवले त्यावर मधले आवाज ऐकू येणं अवलंबून. हे सगळं जमेस धरून मतं बनवावीत.

२०११चा मोसम सर्वांत मोठा. १६ ग्रुप, बक्षीस २ लाख डॉलर, तिसऱ्या खुर्चीवर सारा बरेलिस. ती स्वतः कॉलेजात आ कापेला गायलेली, आणि तिच्या शेऱ्यांत ते कळायचं. अंतिम फेरीत तीन ग्रुप पोचले आणि विजेता प्रेक्षकांच्या मतांनी ठरला. ‘पेंटाटॉनिक्स’ पहिला, ‘डार्टमथ एअर्स’ दुसरा, डेन्व्हरचा ‘अर्बन मेथड’ तिसरा. पहिल्या क्रमांकाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

‘डार्टमथ एअर्स’ची ‘क्वीन’ मेडली त्या मोसमातल्या सर्वांत लोकप्रिय सादरीकरणांपैकी एक. ‘क्वीन’ची गाणी मुळातच आवाजांच्या थरांवर उभी आहेत, त्यामुळे पुरुषांच्या मोठ्या ग्रुपला ती निवड अगदी फिट्ट बसली. पुढचा गायक मायकल ओडोकारा-ओकिग्बो तर रंगमंच पेटवणारा. पण मी सांगितलं तसं त्याला क्षणभर सोडून मागे ऐका. जोरकस जागी सगळे जण ओरडण्याच्या सीमेवर जातात, स्वर उघडे पडतात आणि वर सांगितलेला झगझगीत सूर उमटत नाही. उत्साह खरा आहे, मिलाफ कच्चा.

‘अर्बन मेथड’नं रॅप आणि आ कापेला यांची सांगड घातली. कल्पना ताजी होती आणि त्यांच्या गायिका उत्तम. पण रॅपर बोलायला लागला की मागची साथ फारच साधी होऊन जायची. दोन-तीन स्वरमेळ फिरत राहायचे आणि सगळा भार शब्दांवर पडायचा.

आणि ‘आफ्रो-ब्लू’. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाचा हा जॅझ गाणारा ग्रुप अंतिम तिघांत येता येता राहिला. माझ्या मते त्या वर्षी स्वरमेळाची इतकी समज दुसऱ्या कुठल्याही ग्रुपकडे नव्हती, अगदी विजेत्यांकडेही नव्हती. ‘अमेरिकन बॉय’ हे नाचाचं गाणं त्यांनी घेतलं, तेव्हा त्यातल्या साध्या स्वरमेळांच्या जागी त्यांनी किती सूर रचले ते ऐकण्यासारखं आहे. ‘कमिटेड’ला आदल्या वर्षी जे फळलं तेच यांना जड गेलं. ‘कमिटेड’ सहा जण होते, प्रत्येक सूर वेगळा निवडता यायचा. ‘आफ्रो-ब्लू’त माणसं जास्त, सूर दाट आणि दीड मिनिटात नवख्या कानाला त्यातलं काय धरावं ते समजायच्या आत गाणं संपायचं. हा दोष त्यांचा कमी आणि टीव्हीच्या घड्याळाचा जास्त. निकाल माझ्या हातात असता, तर ‘पेंटाटॉनिक्स’च्या खालोखाल मी ‘आफ्रो-ब्लू’ला ठेवलं असतं, मग ‘एअर्स’ आणि मग ‘अर्बन मेथड’. कुणाला हे पटलं नाही, तर ‘अमेरिकन बॉय’ आणि ‘क्वीन’ मेडली हेडफोनवर लागोपाठ ऐकावी, दोन्हींत मुख्य गायक सोडून, आणि मग वाद घालायला यावं.